परदेशातून आलेले पहिले पत्र

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकांस चांगला परिचयाचा आहे. परंतु त्याच घरातील एक धाकटे भावंड आमच्या टीकाकारांच्या नजरेतून आजवर निसटत आले. परमुलखात पाऊल ठेवल्यावर आठ-पंधरा दिवसांच्या आत घरी लिहिलेले पहिले पत्र, हे ते भावंड होय. अशा पत्रात लिहिणाराची माहिती सर्वांत कमी आणि बोलण्याची हौस सर्वांत अधिक असते. यामुळे ज्या देशाचे वर्णन त्यात असते त्या देशापेक्षा लिहिणाराचाच ठाव त्यातून अधिक लागतो. धर्मसेवेसाठी परदेशी गेलेल्या माणसाचे पहिले पत्र तर विशेषच विचारार्ह, कारण तो नुसता पाहावयास गेलेला नसतो. काही द्यावयास गेलेला असतो. देणाराची दृष्टी ही पाहणाराच्या दृष्टीहून निराळी. ती कोठे स्वच्छ असते आणि कोठे गढुळते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

निमित्त घरगुती आहे, तरी ते सांगितले पाहिजे. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मध्यंतरी आमच्याकडे सात पत्रांचे एक बाड पाठविले. घरच्या मंडळींचा ती पुस्तिकारूपाने छापण्याचा विचार असून आम्ही प्रस्तावना लिहून द्यावी, अशी तिची विनंती होती. ही मुलगी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबातील. आमच्याजवळ तिने इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला, पुढे ती अमेरिकेस शिकावयास गेली, आणि तेथील एका मंडळीच्या वतीने २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळात आठ आठवड्यांच्या उन्हाळी उमेदवारीसाठी ग्वाटेमाला देशात जाऊन आली. जाण्यापूर्वी तिने आमचे शिफारसपत्र मागितले होते व आम्ही ते दिलेही होते. त्या वेळी आमच्या मनात एक शंका होती. परंतु मुलीच्या उत्साहात आपण मोडता कशाला घालावा, असे म्हणून आम्ही ती गिळली. शिक्षकाने अशा वेळी गप्प बसणे हे सौजन्य नव्हे. तो निव्वळ कामचुकारपणा होय. ज्या गोष्टी तेव्हा बोलावयास हव्या होत्या त्या आता बोलत आहोत.

या उमेदवारीची रीत सर्वच वाचकांस ठाऊक असेल असे नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या उन्हाळी सुटीत हजारो तरुण-तरुणी सहा, आठ किंवा दहा आठवड्यांसाठी परदेशी सेवाकार्यास जातात. खर्चाची रक्कम बहुधा ज्याची त्याने जमवावयाची असते. त्यासाठी आप्तांस, शेजाऱ्यांस व मंडळीतील माणसांस पत्रे लिहावयाची, आणि जे वर्गणी देतील त्यांस परदेशातून वृत्तांत धाडीत राहावयाचे. निघण्यापूर्वी काही दिवसांची तयारी, सर्वांच्या अंगावर एकाच रंगाचे सदरे, पेटीत निम्मी जागा औषधे, रंगीत पेन्सिली आणि खेळणी यांस दिलेली. तेथे गेल्यावर मुलांचे बायबलवर्ग, इंग्रजीचे धडे, शाळेच्या भिंतीस रंग किंवा एखाद्या खोलीचे बांधकाम. आणि परत आल्यावर मंडळीपुढे चित्रांसह निवेदन. या चळवळीची मुळे जुनी आहेत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थिसंमेलनात शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याचा संकल्प केला, आणि त्यातून पुढे विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. मात्र त्या तरुणांचा संकल्प जन्मभराचा होता. जन्माचे काम एका सुटीत बसविण्याची कल्पना विमाने स्वस्त झाल्यानंतरची, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

आता तिचे पहिले पत्र घेऊ. विमानतळावरील गर्दी, हरवलेली व दुसऱ्या दिवशी सापडलेली पेटी आणि त्या सापडण्यात तिला दिसलेला ईश्वरी हात, डोंगरातील वळणांचा रस्ता, चिमाल्तेनांगो प्रांतातील एका गावात उतरताच लागलेला पाऊस, चुलीवर मक्याच्या भाकऱ्या थापणारी यजमानीण, अंगाशी येऊन बिलगणारी मुले, आणि शेवटी दोन वाक्ये : या लोकांजवळ किती थोडे आहे आणि तरी ती किती आनंदी आहेत; मी यांस काही द्यावयास आले, पण यांनीच माझे हृदय पालटून टाकले. पत्र पोहोचल्यापासून चौथ्या दिवशी लिहिलेले आहे.

या पत्राची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यातील एकही गोष्ट खोटी नाही आणि लिहिणारीचे मन निर्मळ आहे. परंतु अशी पाच-पन्नास पत्रे ज्याने वाचली आहेत त्याला हे पत्र पूर्वी वाचल्यासारखे वाटते. पेटी तीच, पाऊस तोच, मुले तीच, आणि पालटलेले हृदयही तेच. म्हणजे पत्र त्या मुलीने लिहिले नसून साच्याने लिहिले आहे. तिने फक्त गावाचे नाव भरले. एरवी भाषेची उत्तम जाण असलेल्या मुलीच्या हातून असे का व्हावे? अनुभव थोडा, हे एक कारण आहेच. पण ते मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण असे की, हे पत्र कोणास लिहिले आहे ते आधीच ठरलेले आहे. वाचणाराने पैसे दिलेले आहेत. त्याच्या पैशाचे चीज झाले, हे त्याला चार दिवसांत कळले पाहिजे. म्हणून काम अजून सुरू व्हावयाचे असताना त्याचे फळ पत्रात येऊन पडते. यजमान गरीब असला पाहिजे, नाही तर जाणे व्यर्थ. तो आनंदी असला पाहिजे, नाही तर वाचणाराच्या मनाला टोचणी लागेल. आणि लिहिणाराचे हृदय पालटले पाहिजे, कारण एवढ्या अवधीत दुसरे काही पालटण्यासारखे नसते.

एका लहानशा शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. पत्रावर मथळा आहे 'माझा उन्हाळा'. ग्वाटेमालात मे ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ. तेथील सामान्य माणसे त्यास स्पॅनिश भाषेत 'हिवाळा' म्हणतात. म्हणजे पाहुणीचा उन्हाळा तो यजमानाचा हिवाळा, आणि मराठी मुलीच्या लेखी तर तो सरळ पावसाळा! छताच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असता ती 'माझा उन्हाळा' असे लिहिते. कारण पंचांग ती घरून घेऊन गेली आहे. चूक क्षुल्लक, परंतु साऱ्या पत्राची किल्ली तीत आहे.

यावरून आम्हांस या वाङ्मयासाठी एक साधी कसोटी सुचते. ज्या घरात बसून पत्र लिहिले त्या घरच्या माणसांस ते त्यांच्या भाषेत वाचून दाखविता येईल काय? त्यांनी ते ऐकावे आणि लिहिणाराने मान खाली घालू नये, असे ते आहे काय? यजमान वाचकांत धरला आहे की केवळ विषयांत, हा सगळा प्रश्न आहे. ही कसोटी घेऊन आपण काही जुन्या-नव्या लेखनाकडे जाऊ.

पहिले उदाहरण आपल्याच अंगणातील आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. त्यानंतर सतराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, त्याने लंडनातील आपल्या व्यापारी वडिलांस जे पत्र लिहिले ते रिचर्ड हॅक्लूट याने आपल्या प्रवाससंग्रहात छापल्यामुळे टिकले. हे पत्र काढून वाचावे. त्यात बहुतेक सारा समुद्र आहे. विषुववृत्ताजवळची निर्वात स्थिती, केप ऑफ गुड होपचा वळसा, होकायंत्राचे विचलन, जहाजाभोवती फिरणारे पक्षी व मासे, हिरड्या सुजविणारा रोग, वाटेत मेलेली सत्तावीस माणसे, आणि हिंदुस्थान जवळ आले असे वाटत असता प्रवाहाने सोकोत्रा बेटाजवळ नेऊन टाकलेले जहाज. ज्या लोकांचे आत्मे तारावयास तो आला त्यांच्याविषयी अखेरीस केवळ काही ओळी. तेथील माणसांचा वर्ण, त्यांचे तोकडे वस्त्र, नारळ आणि माडाची दारू. येथील झाडांपैकी द्राक्षवेल सोडता एकही आपण युरोपात पाहिले नव्हते, ही कबुली. आणि त्यांविषयी लिहू लागलो तर एवढेच लांब दुसरे पत्र होईल, असे म्हणून रजा.

एवढ्या थोडक्या ओळींत एक बारीकसे वाक्य आहे, त्यासाठी हे पत्र आम्हांस मोलाचे वाटते. हे लोक आपल्या तोकड्या वस्त्रातही स्वतःस आपणा नटलेल्या माणसांइतकेच ठाकठीक समजतात, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. त्यात थोडे कौतुक आहे, थोडी थट्टाही असेल. पण समोरच्या माणसास स्वतःविषयी स्वतःचे मत आहे, ही गोष्ट सतराव्या दिवशी त्या तिशीच्या तरुणाच्या ध्यानात आली. 'किती थोडे आहे आणि तरी आनंदी' या वाक्याशी ते ताडून पाहावे. तेथे आनंद हा पाहणाराने दिलेला शेरा आहे; येथे मत त्या लोकांचे आहे आणि पाहणारा त्याची नोंद करीत आहे. शिवाय जे माहीत नाही त्याविषयी स्टीफन्स बोलत नाही. मुलाने बापास लिहिलेले ते पत्र आहे. वर्गणीचा हिशेब त्यात चुकवावयाचा नाही.

पुढे काय झाले ते मराठी वाचकांस सांगावयास नको. चार वर्षांनी, १५८३ साली, भावास लिहिलेल्या पत्रात या देशीच्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते, असे निरीक्षण तो नोंदवितो. आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले जाते. त्यातील मराठीच्या थोरवीच्या ओव्या आपली मुले शाळेत शिकत आली आहेत. पहिले पत्र आणि हे पुराण यांच्यामध्ये सदतीस वर्षे आहेत. पहिल्या पत्राचा वाचक लंडनात होता. पुराणाचा श्रोता साष्टीत बसलेला होता. आमच्या कसोटीच्या दृष्टीने या सदतीस वर्षांची सारी कमाई या एका स्थलांतरात आहे. याचा अर्थ त्या काळास आम्ही सोवळे ठरवितो असा कोणी घेऊ नये. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात ठाण मांडून होते, आणि स्टीफन्सचा आवाज त्या सत्तेच्या छत्राखालून येत होता. तरीसुद्धा ज्या लोकांविषयी बोलावयाचे त्यांच्याशीच त्यांच्या भाषेत बोलण्याचे कष्ट त्याने घेतले, हे खरे आहे; आणि वाङ्मयाच्या न्यायसभेत त्याची नोंद झाली पाहिजे.

दुसरे उदाहरण करुण आहे. हॅरिएट न्यूवेल ही मॅसॅच्युसेट्समधील तरुणी फेब्रुवारी १८१२ मध्ये लग्न होताच दहा दिवसांत नवऱ्याबरोबर जहाजावर चढली व जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचली. कंपनी सरकारने या मिशनऱ्यांस राहू देण्याचे नाकारले. तेथून मॉरिशसला जाताना वाटेत जहाजावरच तिला मुलगी झाली, ती पाच दिवसांत वारली, आणि ३० नोव्हेंबरला मॉरिशसला हॅरिएटही गेली. तिचे वय एकोणीस होते. तिची पत्रे व रोजनिशी १८१४ साली बोस्टनला पुस्तकरूपाने निघाली आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. तिचा पती सॅम्युएल पुढे मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनच्या कामात पडला व १८२१ मध्ये तेथेच पटकीने वारला.

या पुस्तकापुढे टीकाकाराची लेखणी सहजच अडखळते. परतीचे तिकीट खिशात ठेवून गेलेली ही मुलगी नव्हे. आईस लिहिलेल्या तिच्या पत्रांतील ताटातुटीचे दुःख आजही वाचवत नाही. पण कसोटी सर्वांस सारखी लावली पाहिजे. अंधारात बुडालेल्या आशियातील स्त्रियांचे जे चित्र तिच्या मनात अमेरिकेचा किनारा सोडण्यापूर्वी होते तेच बंगालच्या किनाऱ्यावर उतरल्यावरही राहिले. पाहण्यास तिला काही आठवडे मिळाले, बोलण्यास भाषा मिळाली नाही, आणि मरणानंतर तिचे लेखन परोपदेशासाठी संपादिले गेले. तिचा त्याग खरा आहे. तिची दृष्टी उसनी आहे. त्याग आणि दृष्टी या दोन निराळ्या गोष्टी होत. एकीची किंमत मोजल्याने दुसरी आपोआप हाती येत नाही, ही गोष्ट या प्रकारचे वाङ्मय वाचताना वारंवार विसरली जाते.

हीच गोष्ट आपल्या काळात एका कादंबरीने फार समर्थपणे सांगितली आहे. बार्बरा किंग्सॉल्व्हर यांच्या 'द पॉइझनवुड बायबल' (१९९८) या कादंबरीत जॉर्जियातील बाप्टिस्ट उपदेशक नेथन प्राइस बायको व चार मुलींसह १९५९ साली बेल्जियन काँगोतील एका खेड्यात येतो. या कादंबरीतील आगमन वाचण्यासारखे आहे. विमानात दरमाणशी चव्वेचाळीस पौंडांचे बंधन, म्हणून सगळीजण अंगावर कपड्यांचे थर चढवून आणि त्यांच्या आत अवजारे लपवून उतरतात. वाढदिवसांसाठी आणलेली केकची तयार पिठे तेथील दमटपणात दगडासारखी होतात. प्राइस सपाट वाफे करून बी पेरतो. मातीचे उंचवटे करून पेर, असे घरी काम करणारी बाई सांगते, तिकडे दुर्लक्ष करतो. आणि पहिल्याच मोठ्या पावसात बी वाहून जाते. पुढे तो शहाणा होऊन उंचवटे करतो, वेली फोफावतात, पण फळ धरत नाही. कारण त्या परक्या फुलांस फळविणारे कीटक तेथे नाहीत. ख्रिस्त अत्यंत प्रिय आहे, हे तो तेथील भाषेत व्यासपीठावरून गर्जून सांगतो. परंतु उच्चार चुकल्याने त्या शब्दाचा अर्थ अंगावर फोड आणणारे विषारी झाड असा होतो. जन्मभर त्याला ही चूक कळत नाही.

या कादंबरीच्या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कथा त्याची बायको व चार मुली आळीपाळीने सांगतात. उपदेशकास एकही प्रकरण दिलेले नाही. ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याला कथन नाही, आणि ज्यांना गप्प राहावयास लावले त्यांच्या हाती सगळी कथा. ही योजना अचूक आहे. दोष दाखवावयाचा तर असा की, काँगोतील माणसे येथेही बहुतांशी पाहिली जातात, बोलत मात्र थोडी. घरातल्या पाच स्त्रियांस कादंबरीने वाणी दिली, यजमानांस ती अर्धवटच दिली. चिनुआ अचेबे यांनी 'थिंग्ज फॉल अपार्ट' मध्ये (१९५८) जे केले, म्हणजे मिशनरी गावात येतो तो प्रसंग गावाच्या बाजूने दाखविला, ते येथे झालेले नाही.

आता उन्हाळी उमेदवारीवरच थेट आघात करणाऱ्या एका भाषणाकडे वळू. इव्हान इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले धर्मगुरू मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे परदेशी सेवकांस स्पॅनिश भाषा शिकविणारी संस्था चालवीत. २० एप्रिल १९६८ रोजी, उन्हाळ्यात मेक्सिकोतील खेड्यांत जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे ते बोलले. विद्यार्थ्यांच्या शुभेच्छांची त्यांनी गय केली नाही. तुम्ही भाषा जाणत नाही, म्हणून ज्यांस मदत करावयाची ते तुमच्याविषयी काय म्हणतात हे तुम्हांस कधी कळणारच नाही. तुम्ही नकळत आपल्या देशाच्या राहणीचे विक्रेते होऊन येता. आणि गरिबांत काम करण्याची इतकीच तळमळ असेल तर आपल्याच देशात करा, जेथे ते तुम्हांस तुमच्या भाषेत, तोंडावर 'चालते व्हा' असे सांगू शकतील. मेक्सिकोत या, पण पाहावयास, शिकावयास, डोंगर चढावयास. मदत करावयास नको. त्यांच्या म्हणण्याचा असा सारांश आहे.

हे भाषण वाचताना अंगावर काटा येतो, आणि पन्नासाहून अधिक वर्षांनीही त्याची धार गेलेली नाही. 'चालते व्हा' म्हणण्याची मोकळीक यजमानास असली पाहिजे, हा विचार आमच्या कसोटीच्या अगदी शेजारचा आहे. तथापि आमचे इलिच यांच्याशी दोन ठिकाणी पटत नाही. एक तर ज्या मेक्सिकन खेडुतांची बाजू ते मांडतात तेही या भाषणात बोलत नाहीत. त्यांच्या वतीने आणखी एक सुशिक्षित परदेशी माणूसच बोलतो. दुसरे असे की, पहिल्या पावलाच्या अज्ञानास ते कायमची शिक्षा देतात. हा नियम १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या धक्क्यावर लावला असता तर मराठी वाङ्मय एका ग्रंथास मुकले असते. अज्ञान हा दोष नव्हे. चौथ्या दिवशी ते संपले असे मानणे हा दोष होय.

याला ग्वाटेमालाच्याच इतिहासाचा दाखला आहे. कॅमेरॉन टाउन्सेंड हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण १९१७ साली महाविद्यालय सोडून स्पॅनिश बायबले विकावयास त्या देशात गेला. डोंगराळ भागातील काक्चिकेल लोकांपैकी बहुतेकांस स्पॅनिश वाचता येत नव्हते. तुझा देव एवढा शहाणा असेल तर त्याला आमची भाषा का येत नाही, असे एका काक्चिकेल माणसाने त्याला विचारल्याची कथा सांगतात. शब्द नेमके हेच असतील किंवा नसतील. परंतु त्या तरुणाने पेटीतील पुस्तके विकणे सोडून ती भाषा शिकण्यास प्रारंभ केला आणि नव्या कराराचे भाषांतर पुरे करण्यास दहाहून अधिक वर्षे दिली, हे निश्चित. त्याने पुढे स्थापिलेल्या भाषासंस्थेच्या कार्याविषयी लॅटिन अमेरिकेत फार वाद झाले. त्यात येथे शिरावयाचे कारण नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, सारा बदल यजमानाच्या एका प्रश्नाने घडला. पाहुण्यास प्रश्न विचारण्याची यजमानाची ताकद जेथे पत्रात उतरते तेथे पत्र जिवंत होते.

आता पुनः त्या सात पत्रांकडे येऊ. कारण पहिल्यावरून साऱ्यांचा निकाल करणे अन्यायाचे होईल. दुसरे व तिसरे पत्र पहिल्याच्याच वळणाचे आहे. चौथ्यात मात्र काही निराळे घडते. पावसाने काम बंद पडलेल्या एका दुपारी यजमानीण पत्र्याची एक पेटी उघडून तिला छायाचित्रे दाखविते. अकरा छायाचित्रे, अकरा निरनिराळ्या सालांची, आणि प्रत्येकात त्याच घराच्या त्याच पायरीवर एक परदेशी तरुण किंवा तरुणी यजमानिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. सगळ्यांची नावे बाईला पाठ. त्यांतील दोघांनी पुढे एकदा-दोनदा पत्र पाठविले होते, इतरांचे काही कळले नाही. १९७६ च्या फेब्रुवारीतील भूकंपात त्या प्रांताची धूळधाण झाली तेव्हापासून परदेशी मंडळी येत आहेत, असे बाई सांगते. तुझे छायाचित्र कोणत्या दिवशी काढू या, असेही ती सहज विचारते. मुलगी लिहिते की, त्या रात्री तिला झोप लागली नाही. आपण या घरी पहिल्या नाही, बाराव्या आहोत, आणि इतके दिवस आपण जिला न्याहाळीत होतो ती बाई आपल्यासारख्यांस पन्नास वर्षे न्याहाळीत आली आहे.

सहावे पत्र आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. यजमानिणीचा थोरला भाऊ यादवी युद्धात, १९८२ साली, बेपत्ता झाला, हे तिला या पत्राच्या सुमारास कळते. त्या देशातील यादवी छत्तीस वर्षे चालून १९९६ मध्ये मिटली. सत्यशोधन आयोगाने १९९९ साली दिलेल्या वृत्तांतानुसार तीत दोन लाखांहून अधिक माणसे मेली किंवा नाहीशी झाली आणि ओळख पटलेल्या बळींत दर शंभरी त्र्याऐंशी माया लोक होते. 'किती आनंदी आहेत' हे स्वतःचेच वाक्य आठवून मुलगी शरमते. पुढे तिला आपले घर आठवते. अमेरिकन मिशनने १८३१ साली अहमदनगरास ठाणे घातले. तेथील मिशनरी जी पत्रे व वृत्तांत धाडीत ते बोस्टनच्या 'मिशनरी हेराल्ड' मासिकात छापून येत. तिच्या पणज्याच्या आधीच्या पिढीतील माणसे अशाच कोणाच्या तरी पहिल्या पत्रात 'येथील लोक' म्हणून उभी असतील. त्यांनी ते पत्र कधी वाचले नाही. त्यांना ते वाचून दाखविले असते तर ती काय म्हणाली असती, असा प्रश्न ती स्वतःस विचारते आणि उत्तर न देता पत्र संपविते.

हे पत्र कोणत्याही साच्यातून निघणारे नाही. जिच्या पूर्वजांचे वर्णन झाले तीच वर्णन करावयास निघाली होती, आणि सहाव्या आठवड्यात ती वळून पाहते. आठ आठवड्यांच्या उमेदवारीतून शाळेच्या भिंतीला मिळालेला रंग एव्हाना पावसाने धुपलाही असेल. हे वळून पाहणे मात्र खरे आहे. इलिच यांनी नाकारलेली शक्यता हीच. पण त्याच वेळी हेही स्वच्छ सांगितले पाहिजे की, एका मुलीस वळून पाहता यावे म्हणून यजमानिणीने बारा वेळा चूल पेटवावी, हा सौदा न्याय्य म्हणता येत नाही. पाहुण्याचे शिक्षण हा त्या उमेदवारीचा खरा लाभ असेल तर त्याला शिक्षण म्हणावे, सेवा म्हणू नये. आणि शिक्षकाचा मान त्या घरास द्यावा.

आम्ही मुलीस जे कळविले ते येथे नमूद करून हा लेख पुरा करतो. पुस्तिका छापावी. पहिले पत्र गाळू नये किंवा सुधारू नये; ते जसेच्या तसे प्रथम यावे, म्हणजे सहाव्याची किंमत वाचकास कळेल. 'माझा उन्हाळा' हा मथळाही राहू द्यावा. मात्र छापण्यापूर्वी सातही पत्रांचे स्पॅनिश करून ते त्या यजमानिणीकडे पाठवावे आणि तिची संमती घ्यावी. तिच्या भावाचा उल्लेख ठेवावा की काढावा, हे तिनेच ठरवावे. हे झाल्यावर आम्ही प्रस्तावना आनंदाने लिहू.

उत्तर लौकर आले. भाषांतर सुरू केले आहे, सर. चौथे आणि सहावे सोपे गेले, पहिल्याशी अजून अडले आहे, असे तिने लिहिले आहे. अडले आहे हे वाचून आम्हांस समाधान वाटले. शिफारसपत्र देताना जे बोललो नाही ते, उशिरा का होईना, तिच्यापर्यंत पोहोचले असे दिसते.